भाड्याचा वाद आणि चालकाची पाठ

भाड्याच्या मोटारीचा व्यवहार बाजारातील बहुतेक व्यवहारांच्या उलट क्रमाने होतो. वाण्याच्या दुकानात आधी माल तोलला जातो, भाव सांगितला जातो, पैसे गल्ल्यात पडतात आणि मग पिशवी गिऱ्हाइकाच्या हाती जाते. रेल्वेचे तिकीट डब्यात चढण्याआधी काढावे लागते आणि एसटीचा वाहक गाडीने स्थानक सोडताच तिकिटे द्यायला लागतो. टॅक्सीत मात्र सेवा संपल्यावर तिची किंमत कळते, ती चुकती करण्याची वेळ येते तेव्हा प्रवाशाची गरज भागलेली असते, आणि हा हिशेब ज्या जागी होतो ती जागा गिऱ्हाइकाने निवडलेली असते, विक्रेत्याने नव्हे. भाडे नेमके किती होईल हे आधी ठाऊक नसल्याने दोघांच्याही मनात आपापला अंदाज असतो, आणि या दोन अंदाजांमधली तफावत प्रवासाच्या अखेरीस, गाडीचे दार उघडता उघडता, पैशांत मिटवावी लागते.

भाड्यावरून होणारी हुज्जत आणि चालकाला होणारी दमदाटी यांच्याकडे दोन वेगळ्या तक्रारी म्हणून पाहण्याची रीत आहे. पहिली परिवहन कार्यालयाकडे जाते, दुसरी पोलीस ठाण्याकडे. परंतु दोन्हींचे मूळ बव्हंशी या उलट्या क्रमातच आहे, आणि गेल्या सव्वाशे वर्षांत या धंद्यात आलेली बहुतेक साधने, मग तो मीटर असो, टॅरिफ कार्ड असो, दोन आसनांमधली काच असो की मोबाइलवरचे ॲप, हा क्रम सुलटा करण्याची किंवा त्याचा धोका कमी करण्याची खटपट करताना दिसतात. कोणत्या साधनाने कोणाचे रक्षण झाले हे तपासले, तर प्रवाशासाठी म्हणून आलेल्या मीटरने चालकालाही मोठा आधार दिला, आणि सुरक्षेच्या नावाने आलेल्या काही गोष्टी चालकाच्या फारशा कामी आल्या नाहीत, असे आढळते.

चालकाची बसण्याची जागाच मुळात अडचणीची असते. त्याची पाठ अनोळखी माणसाकडे असते, हात स्टिअरिंग आणि गिअरवर गुंतलेले असतात, नजर रस्त्यावर खिळलेली असते, आणि मागे काय चालले आहे हे कळायला आरशाची एक अरुंद पट्टी तेवढी असते. मागचा माणूस पुढच्याला पूर्ण पाहू शकतो, पुढच्याला मागचा तुकड्यातुकड्यांनी दिसतो. अमेरिकेतील कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या ‘नायॉश’ या सरकारी संस्थेने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात १९९० ते १९९२ या वर्षांतील कामावर झालेल्या खुनांचा हिशेब मांडला होता. सर्व कामगारांचा मिळून सरासरी दर लाखामागे वर्षाला ०.७० इतका होता, तर टॅक्सी व्यवसायातला दर लाखामागे ४१.४, म्हणजे सरासरीच्या जवळपास साठपट होता. दारूची दुकाने, पेट्रोलपंप आणि पोलीसदल हे सगळे या यादीत टॅक्सीच्या खाली होते. अहवालाने सांगितलेली कारणे साधी होती: एकट्याने काम करणे, रात्री काम करणे, रोख पैसे जवळ बाळगणे, अनोळखी लोकांशी थेट संबंध येणे आणि फिरत्या जागेत काम करणे. ही सर्व कारणे एकत्र आणणारे दुसरे काम शोधूनच काढावे लागेल. हे आकडे बंदुकांचा सुळसुळाट असलेल्या देशातले आहेत, ते मुंबईला किंवा पुण्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. कारणे मात्र येथेही तीच आहेत.

चालकाला त्रास देणारे प्रवासी सगळे एका जातीचे नसतात, आणि त्यांची सरमिसळ केली की उपायांचीही सरमिसळ होते. लुटण्याचा बेत करूनच गाडीत बसणारा माणूस भाड्यावरून कधीच भांडत नाही. तो शांत असतो, सांगितलेले ठिकाण हळूहळू बदलत जातो आणि गाडी निर्मनुष्य जागी नेतो. भाडे बुडवण्याच्या इराद्याने बसलेला माणूस ‘आलोच दोन मिनिटांत’ म्हणून सोसायटीच्या दुसऱ्या फाटकाने पसार होतो, आणि त्याला हिंसेची गरजच पडत नाही. तिसरा प्रकार संख्येने सर्वांत मोठा आणि चर्चेत सर्वांत दुर्लक्षित आहे: चढताना मनात काही वाईट नसलेला, पण उतरताना आकडा पाहून भडकलेला, बहुधा थकलेला किंवा दारू प्यालेला प्रवासी. हाणामारी बहुतेक वेळा याच्याशी होते, आणि ती टाळण्याचा मार्ग पोलिसांच्या गस्तीपेक्षा भाड्याच्या आकड्याच्या विश्वासार्हतेतून अधिक जातो.

हा विश्वास निर्माण करण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न म्हणजे टॅक्सीमीटर. जर्मन संशोधक फ्रीडरिश विल्हेल्म गुस्ताव ब्रून याने १८९१ मध्ये त्याचे आधुनिक रूप तयार केले, आणि १८९७ मध्ये श्टुटगार्ट येथे डाइमलर कंपनीची मीटर बसवलेली मोटार भाड्याने धावू लागली. तोवर घोडागाड्यांचा जमाना होता, आणि लंडनसारख्या शहरात दोन ठिकाणांमधली अंतरे व त्यांचे भाडे सांगणारी छापील पुस्तके प्रवासी खिशात बाळगत, कारण गाडीवान सांगेल ते अंतर खरे मानायला कोणी तयार नसे. १९०७ मध्ये लंडनच्या मोटार-टॅक्सींना मीटर सक्तीचा झाला आणि या पुस्तकांचे काम यंत्राकडे गेले.

मीटर केवळ अंतर मोजतो असा सर्वसाधारण समज आहे आणि पुष्कळशा वादांचे बीज या समजात आहे. यांत्रिक मीटरमध्ये एक केबल गाडीच्या चाकांच्या फिरण्याशी जोडलेली असे आणि दुसरीकडे घड्याळाचे यंत्र असे. या दोहोंपैकी जे वेगाने पुढे सरकेल ते आकड्यांची चकती फिरवी. गाडी धावत असताना चाके जिंकत, सिग्नलला थांबली की घड्याळ जिंके. इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये केबलच्या जागी विद्युत स्पंद मोजले जातात, पण तत्त्व तेच राहते. ज्या वेगाला अंतराचे भाडे आणि वेळेचे भाडे सारखे होते, त्या वेगाच्या वर अंतर मोजले जाते आणि खाली वेळ. समजा, दर किलोमीटरला वीस रुपये आणि थांबण्याच्या दर मिनिटाला दोन रुपये असा दर असेल, तर तासाभराच्या थांब्याचे एकशे वीस रुपये होतात आणि हा सीमेवरचा वेग ताशी सहा किलोमीटर ठरतो, म्हणजे चालत जाणाऱ्या माणसापेक्षा किंचित अधिक. दादरच्या टिळक पुलावर किंवा सायनच्या चौकात संध्याकाळी गाडी मुंगीच्या पावलाने सरकत असताना मीटरवरचा आकडा बदलतो, तेव्हा ‘गाडी उभी आहे आणि मीटर पळतोय’ ही प्रवाशाची ओरड खरी असते. तिच्यातून काढलेला फसवणुकीचा निष्कर्ष मात्र खरा असेलच असे नाही. कालच्या रस्त्याने आज वीस रुपये जास्त का झाले, याचे उत्तर अनेकदा चालकाच्या लबाडीऐवजी या यंत्राच्या घडणीत सापडते, आणि ते उत्तर प्रवाशाला माहीत नसल्याने चालकाच्या माथी येते.

मीटर फास्ट करणारे चालक नसतातच असे म्हणणे हा भाबडेपणा ठरेल. म्हणून तर मीटर हे कायद्याने तराजू आणि मापांच्या पंगतीत बसवलेले आहे. वैधमापन अधिनियम, २००९ आणि त्याखालील नियमांनुसार टॅक्सीमीटरची पडताळणी करून त्याला मोहोर लावली जाते, आणि ही मोहोर तुटलेली दिसली तर प्रवाशाने भांडण्यापेक्षा गाडीचा क्रमांक टिपून तक्रार करणे अधिक परिणामकारक असते. मोहोर शाबूत असलेला मीटर चालकाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. आकडा त्याने सांगितलेला नसतो, त्यामुळे तो वाढवण्या-घटवण्याच्या घासाघीशीत त्याला पडावे लागत नाही, आणि प्रवाशाचा राग यंत्राकडे, सरकारकडे, महागाईकडे वळण्याची निदान शक्यता तरी राहते.

मुंबईत हे यंत्र दीर्घकाळ गाडीच्या बाहेर, समोरच्या काचेच्या डाव्या अंगाला बसवलेले असे. प्रीमियर पद्मिनीच्या काळात चालक डावीकडे झुकून, खिडकीतून हात बाहेर काढून मीटरचा झेंडा खाली पाडत असे, आणि ‘मीटर डाऊन’ हा शब्दप्रयोग त्या हालचालीतून आलेला आहे. प्रवासाअखेर मीटरवर जो आकडा दिसे तो रुपयांत भाडे म्हणून द्यायचा नसे. दर वाढला की हजारो यंत्रांचे दाते बदलणे शक्य नसल्याने मीटर जुन्याच दराने चाले, आणि छापील टॅरिफ कार्डावर त्या आकड्यासमोरचे नवे भाडे पाहायचे असे. अंधारात, डॅशबोर्डच्या मिणमिणत्या उजेडात, घडीवर घडी पडून झिजलेल्या कार्डावर बोट फिरवत चालक भाडे शोधी आणि मागून प्रवासी मान पुढे काढून ते खरे आहे का हे पाही. बनावट कार्डांच्या तक्रारी होत असत. ज्या यंत्राने वाद मिटवायचा, त्याच्या आणि प्रवाशाच्या मध्ये चालकाने दाखवायचा एक कागद आला आणि मीटरचे अर्धे बळ तेथेच गेले. २०१२ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे झाल्यावर लाल आकड्यांत थेट रुपये दिसू लागले. तरीही दरवाढीनंतर प्रत्येक मीटरमध्ये नवा दर भरून त्याची फेरतपासणी करावी लागते, तिला काही महिन्यांची मुदत दिली जाते, आणि तेवढ्या काळात टॅरिफ कार्ड पुन्हा बाहेर येते. या संधिकाळात एका शहरात दोन प्रकारचे मीटर धावत असतात, आणि चालकांच्या दृष्टीने वर्षातले हे सर्वांत कटकटीचे दिवस असतात.

दर ठरवण्याचा अधिकार मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ६७ खाली राज्य सरकारला आहे. त्यासाठी महाराष्ट्रात आधी पी. एम. ए. हकीम यांची एकसदस्य समिती आणि पुढे निवृत्त सनदी अधिकारी बी. सी. खटुआ यांच्या अध्यक्षतेखालील समिती नेमली गेली, आणि इंधन, गाडीची किंमत, देखभाल, राहणीमानाचा खर्च यांच्या आधारे सूत्र बसवण्यात आले. सूत्र असले तरी दरवाढ राजकीयदृष्ट्या अप्रिय असल्याने ती लांबत राहते. टॅक्सीचे किमान भाडे २०१५ मध्ये २२ रुपये होते, ते २०२१ च्या मार्चमध्ये २५, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये २८ आणि १ फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये झाले. रिक्षाचे किमान भाडे त्याच दिवशी २३ वरून २६ रुपयांवर गेले. सहा वर्षे दर गोठलेला राहिला तर चालक तोटा भरून काढायला आडमार्ग शोधतो, आणि मग एकदम वाढ झाली की प्रवाशाला ती लूट वाटते. दोन्ही वेळा भांडण गाडीत होते, मंत्रालयात होत नाही.

३१ हा आकडा जरा जवळून पाहण्याजोगा आहे. पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला २०.६६ रुपये या दराने पाच किलोमीटरचे भाडे १०३ रुपयांच्या आसपास होते. प्रवासी पन्नासाची किंवा दोनशेची नोट काढतो, चालकाकडे सुटे नसतात, आणि एका रुपयासाठी किंवा तीन रुपयांसाठी दोघेही इरेला पेटतात, कारण तोवर प्रश्न रुपयाचा राहिलेला नसतो, कोणी कोणाला बनवायचे याचा झालेला असतो. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत सव्वापट भाडे घेण्याची तरतूद आहे, आणि पावणेबाराला सुरू होऊन सव्वाबाराला संपणारा प्रवास या तरतुदीला नेमका छेद देतो. मोबाइलवरून यूपीआयने पैसे देण्याची सोय आल्यापासून सुट्यांची कटकट पुष्कळ कमी झाली, आणि चालकाच्या खिशातली रोकडही घटली, जी लुटारूसाठी खरे आमिष असते. या सोयीचा गाजावाजा सुरक्षेचा उपाय म्हणून फारसा झालेला नाही, पण परिणाम तसाच आहे. मात्र तिच्याबरोबर पैसे पाठवल्याचा खोटा पडदा दाखवून उतरून जाण्याची नवी युक्तीही आली आणि ‘साउंडबॉक्स’चा आवाज ऐकल्याशिवाय दार न उघडू देण्याचा नवा तणावही आला.

मीटर नसला तर काय होते, याचे उदाहरण शेजारच्या गोव्यात आहे. तेथे सरकारने दर जाहीर केलेले असूनही टॅक्सी वर्षानुवर्षे मीटरविना चालत राहिल्या. पर्यटकांची जादा भाड्याची तक्रार, स्थानिक टॅक्सीमालकांची हंगामी धंद्याची आणि परतीच्या रिकाम्या फेरीची अडचण, उच्च न्यायालयापर्यंत गेलेले मीटरचे प्रकरण आणि २०१८ मध्ये आलेल्या ‘गोवामाइल्स’ या ॲपला झालेला कडवा विरोध, हा सगळा गुंता त्यातून वाढला. पुण्यातील रिक्षाचालक शहराच्या कडेला जाताना ‘हाफ रिटर्न’ मागतात, म्हणजे परत रिकामे यावे लागेल म्हणून परतीचे अर्धे भाडे मागतात. मागणीमागचे अर्थशास्त्र चुकीचे नाही, पण ते मीटरच्या बाहेरचे असल्याने प्रत्येक वेळी नव्याने पटवून द्यावे लागते, आणि पटवून देणे व अडवणूक यांतला फरक ऐकणाऱ्याच्या मनःस्थितीवर ठरतो.

दमदाटी टाळण्याचा चालकाचा सर्वांत जुना उपाय म्हणजे माणूस ओळखणे. समाजशास्त्रज्ञ दिएगो गॅम्बेटा आणि हेदर हॅमिल यांनी न्यूयॉर्क आणि उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथील चालकांचा अभ्यास करून २००५ मध्ये ‘स्ट्रीटवाइज’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. अनोळखी माणसाला गाडीत घ्यावे की नाही हे चालक काही क्षणांत कसे ठरवतात, हा त्याचा विषय आहे. त्यांच्या मांडणीचा गाभा असा की ज्या खुणा सहज उसन्या घेता येतात त्यांच्यावर अनुभवी चालक विसंबत नाहीत. ज्यांची नक्कल करणे लबाड माणसाला महाग पडेल अशा खुणा ते शोधतात. चांगला कोट कोणीही घालू शकतो, पण एखाद्या घराचे दार आतून उघडून, घरच्यांचा निरोप घेऊन बाहेर येणारा माणूस आपला पत्ताच चालकाच्या हाती देत असतो. बेलफास्टमध्ये तर प्रवासी कोणत्या वस्तीतून चढतो आणि कोणत्या वस्तीत उतरणार आहे, यावर चालकाचा जीव अवलंबून असण्याचे दिवस होऊन गेले होते, कारण तेथील सांप्रदायिक संघर्षात टॅक्सीचालकांना गाडीतच ठार मारण्याचे प्रकार घडले होते.

ही कला दुधारी आहे. माणूस ओळखण्याच्या नावाखाली वर्ण, वस्ती, भाषा आणि पेहराव यांवरून माणसे वगळली जातात. न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीयांना टॅक्सी मिळत नाही ही तक्रार जुनी होती. अभिनेता डॅनी ग्लोव्हर यांनी १९९९ मध्ये ती जाहीरपणे मांडली तेव्हा शहर प्रशासनाला भाडे नाकारणाऱ्या चालकांविरुद्ध खास मोहीम काढावी लागली. चालकाची भीती खरी आणि प्रवाशाचा अपमानही खरा, असा हा पेच आहे. तो सोडवण्यासाठी नाकारण्याचा अधिकार काढून घेतला, तर चालकाला दुसरे कोणते संरक्षण दिले हे विचारणे भाग पडते.

मुंबईत नाकारण्याचे कारण बहुधा भीतीचे नसते. पाळी संपत आलेली असते आणि गाडी दुसऱ्या चालकाच्या हवाली करायची असते, सांगितलेले अंतर फार थोडे असते, किंवा तेथून परतीचे भाडे मिळणार नसते. दुसऱ्याच्या परमिटवरची गाडी चालवणारा माणूस मालकाला रोजची ठरलेली रक्कम देतो, गॅस स्वतः भरतो, आणि त्यावर जे उरेल ते त्याचे. अर्ध्या तासात दीड किलोमीटर कापणारे भाडे त्याला परवडत नाही. कायदा हे कारण ऐकून घेत नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १७८ नुसार भाडे नाकारणे हा दंडनीय अपराध आहे; दंडाची रक्कम मोठी नाही, पण परवाना किंवा बॅज निलंबित होण्याची भीती मोठी असते. ‘आरटीओत तक्रार करीन’ हे वाक्य म्हणूनच प्रवाशाच्या हातातले शस्त्र बनते, आणि ते फसवणूक झालेला प्रवासी जसे वापरतो तसेच भाडे कमी करून घेऊ पाहणाराही वापरतो.

चालक आणि प्रवासी यांच्यामध्ये भक्कम पडदा घालणे हा दुसरा उपाय. अमेरिकेतील बाल्टिमोर शहराने १९९६ मध्ये टॅक्सीत असा पारदर्शक पडदा सक्तीचा केला आणि चालकांवरचे हल्ले वर्षभरात निम्म्याहून अधिक घटल्याचे त्यावरील अभ्यासात दिसून आले. पुढे अमेरिकेतील २६ शहरांच्या १९९६ ते २०१० या काळातील खुनांच्या आकडेवारीची तुलना झाली तेव्हा वेगळेच चित्र पुढे आले: गाडीत कॅमेरे बसवलेल्या शहरांत चालकांच्या खुनाचे प्रमाण दोन्ही साधने नसलेल्या शहरांच्या सुमारे एकतृतीयांश होते, तर पडद्यामुळे तसा निर्विवाद फरक आढळला नाही. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोटे पाडत नाहीत. पडदा झटक्यात अंगावर येणाऱ्या, संतापलेल्या माणसाला अडवतो. ठरवून आलेल्या लुटारूला आपला चेहरा नोंदला जातो आहे ही जाणीव अधिक रोखते. आपल्याकडील लहान गाड्यांत पडद्यामुळे मागच्या माणसाचे गुडघे अडतात, हवा खेळत नाही, आणि दीड-दोन लाख किलोमीटर धावलेल्या गाडीवर हा खर्च करण्याची मालकाची तयारी नसते, त्यामुळे तो रुजला नाही.

भारतात सुरक्षेची जी यंत्रसामग्री सक्तीची झाली, तिचा रोख प्रवाशाकडे आहे. दिल्लीतील २०१२ च्या अत्याचाराच्या घटनेनंतर स्त्रियांच्या प्रवासाचा प्रश्न ऐरणीवर आला, आणि १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत ठावठिकाणा कळवणारे उपकरण व संकटकाळी दाबायचे बटण बसवणे बंधनकारक करण्यात आले. रिक्षांना यातून वगळले गेले. या नियमाची निकड वादातीत आहे. तरीही त्याच्या आखणीत धोका चालकाकडून आणि भय प्रवाशाला, अशी एकच दिशा गृहीत धरलेली आहे. रात्री दोन वाजता तीन प्यालेल्या माणसांना घेऊन जाणाऱ्या चालकाने मदत मागायची ती ११२ या क्रमांकावर, स्वतःच्या फोनवरून, गाडी चालवता चालवता.

ॲपवरच्या टॅक्सीने उलट्या क्रमाचा पेच दुसऱ्या टोकाकडून सोडवला. भाडे आधी दिसते, पैसे बऱ्याचदा आपोआप कापले जातात, आणि प्रवाशाचा फोन क्रमांक कंपनीकडे असल्याने गॅम्बेटा-हॅमिल यांनी वर्णिलेली पत्त्याची खूण आयतीच मिळते. ठरवून केलेल्या लुटीला यामुळे आळा बसतो. भाड्याचा वाद मात्र नाहीसा न होता जागा बदलून उभा राहिला. मागणी वाढली की दर वाढतो. केंद्र सरकारच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी या वाढीला मूळ भाड्याच्या दीडपटीची मर्यादा घातली होती, ती २०२५ मध्ये दुपटीपर्यंत नेण्यात आली. दर ठरवते कंपनी, आणि तोंड द्यावे लागते चालकाला. शिवाय प्रवासाअखेर प्रवासी जे तारे देतो त्यांवर चालकाचे काम अवलंबून असल्याने, शिवी ऐकून घेणे हा नोकरीचाच एक भाग होऊन बसतो.

२०२५ मध्ये पुणे व मुंबई परिसरातील अनेक चालकांनी ॲपवर दिसणारे भाडे परवडत नाही म्हणून सरकारने ठरवलेल्या दराने पैसे मागायला सुरुवात केली. त्यांच्या बाजूने कायदेशीर युक्तिवाद होता, आणि ॲपवर १८० रुपये पाहून गाडीत बसलेल्या माणसाकडे २६० मागितल्यावर त्याचा संतापही अनाठायी म्हणता येत नव्हता. सव्वाशे वर्षांच्या खटपटीनंतर एकाच प्रवासाच्या दोन किमती पुन्हा गाडीत येऊन बसल्या, आणि त्यांतली कोणती खरी हे ठरवण्याचे काम पुन्हा त्या दोघांवर येऊन पडले.

वाद हातघाईवर आला तर कायदा चालकाला काय देतो, हे पाहिल्यावर दमदाटीच्या घटना नोंदींत कमी का दिसतात याचा उलगडा होतो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत साधी दुखापत करणे कलम ११५ मध्ये आणि धमकावणे कलम ३५१ मध्ये येते, आणि हे दोन्ही सामान्यतः अदखलपात्र गुन्हे आहेत. अदखलपात्र म्हणजे ज्यात पोलीस दंडाधिकाऱ्याच्या आदेशाविना तपास करू शकत नाहीत. ठाण्यात तक्रारीची नोंद होते, जिला बोलीत ‘एनसी’ म्हणतात, आणि तक्रारदाराला पुढे न्यायालयात जाण्याचा सल्ला मिळतो. हत्यार वापरले गेले किंवा पैसे हिसकावले गेले तर प्रकरण दखलपात्र होते. थोबाडीत मारून, भाडे न देता निघून गेलेल्या प्रवाशाचे बहुधा होत नाही. इंग्लंडमध्ये सेवा घेऊन पैसे न देता पळ काढणे हा १९७८ पासून स्वतंत्र गुन्हा आहे आणि टॅक्सीचे भाडे बुडवणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण. आपल्याकडे त्यासाठी फसवणुकीचे कलम लावायचे तर बसतानाच बुडवण्याचा हेतू होता हे सिद्ध करावे लागते, आणि दीडशे रुपयांसाठी ते कोणी करत नाही.

एसटीच्या वाहकाची स्थिती याहून निराळी आहे. परिवहन महामंडळाचे कर्मचारी १९५० च्या कायद्याने लोकसेवक मानले गेलेले असल्याने कर्तव्य बजावताना त्यांच्यावर हात उचलणाऱ्यावर संहितेचे कलम १३२ लागते. हा गुन्हा दखलपात्र आहे, त्यात अटक होते आणि तिची बातमीही होते. टॅक्सीचालकाचे भाडे सरकार ठरवते, मीटरला मोहोर सरकार लावते, प्रवासी नाकारण्यास बंदी सरकार करते, बॅज आणि परमिट सरकार देते. मार बसला की मात्र तो दोन खाजगी व्यक्तींमधला किरकोळ वाद ठरतो. एनसी नोंदवायला ठाण्यात गेलेले दोन-तीन तास पाळीतून वजा होतात, मालकाला द्यायची रक्कम तेवढीच राहते, आणि म्हणून जाणते चालक नवख्याला पहिला धडा देतात तो मीटर वाचण्याचा नसतो: उजेडात गाडी थांबवायची, खाली उतरायचे नाही, पळणाऱ्याच्या मागे धावायचे नाही, आणि फारच झाले तर भाडे सोडून द्यायचे.